तिसरी पिन तोडू नका
— ऊस विकास अधिकारी



या पानावर आपण एरवी बेणे, लागण आणि खोडवा यांबद्दल बोलतो. आज विषय वेगळा आहे. गळीत हंगाम तोंडावर आला की वावरावावरातून हातग्राइंडरचा आवाज सुरू होतो. ट्रॉलीचा हूक घासायचा, बंडीची दुरुस्ती करायची, ठिबकच्या पाइपला भोके पाडायची, टोळीच्या कोयत्यांना धार लावायची. पूर्वी यासाठी लोहाराकडे जावे लागे. आता यंत्र घरात आले, आणि त्याची वायर विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीपर्यंत गेली.

मागे सीताबर्डीवर एका दुकानात ग्राइंडर घ्यायला गेलो होतो. शेजारी एक शेतकरी भाऊ उभे होते. त्यांनी लोखंडी बॉडीचे, टेबलावर बसवायचे धार लावण्याचे मशीन घेतले. पैसे दिल्यावर म्हणाले, "याची तीन पिन काढून दोन पिन लावून द्या जी, वावरातल्या बोर्डात दोनच भोके आहेत." दुकानातल्या पोराने लगेच पक्कड काढली. मी त्याला थांबवले खरे, पण जरा उशिराच. कारण हाच उद्योग मी स्वतः केलेला आहे.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. घरचे जुने, धातूच्या बॉडीचे ड्रिल मशीन होते. सॉकेटात बसेना म्हणून तिसरी पिन मी पकडीने तोडली. वर्षभर काहीच झाले नाही. मग एकदा विहिरीच्या ओल्या धाऱ्यावर उभा राहून पाइपला भोक पाडत असताना हात मशीनला चिकटला. सोडायचे कळत होते, पण मूठ उघडेना. ओरडताही येईना. गड्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून आज हे लिहितो आहे. फ्यूज मात्र शाबूत होता!

फ्यूज का गेला नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. आपला पुरवठा २३० व्होल्टचा. अंग ओले असले की शरीराचा विरोध साधारण हजार ओहमपर्यंत उतरतो. म्हणजे अंगातून पाव अँपिअरच्या आतबाहेर वीज जाते. फ्यूज पाच अँपिअरचा, त्याला पत्ताही लागत नाही. फ्यूज वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. माणसाला मात्र १० मिलिअँपिअरच्या पुढे, म्हणजे अँपिअरच्या शंभराव्या भागाला, मूठ सोडवणे कठीण होऊ लागते आणि ५० ते १०० ला हृदयाचा ठोका बिघडू शकतो. मूठ किती विजेला सुटत नाही, हे अमेरिकेत चार्ल्स डॅलझिल या प्राध्यापकाने माणसांवरच मोजले होते. त्यानेच पुढे १९६१ साली गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण काढले.

तिसरी पिन लांब आणि जाड असते ती उगीच नाही. प्लग घालताना ती आधी टेकते, काढताना शेवटी सुटते. आतली फेजची तार बॉडीला लागली की वीज अर्थच्या तारेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. अर्थ चांगला असला तरच, हे ध्यानात ठेवा. आता काही जण म्हणतील, आमचा नवा ग्राइंडर तर कंपनीतूनच दोन पिनचा आला. बरोबर आहे. त्याच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह पाहा. ते दुहेरी इन्सुलेशनचे, त्याला अर्थ लागत नाही. पण पाणी आत गेले की ते दुहेरी कवचही कामाचे राहत नाही.

याहून वाईट खोड आपल्या वावरात आहे. पंपाला तीन फेज आहेत, न्यूट्रल नाही. मग एक फेज घ्यायची, दुसरी तार जमिनीतल्या अर्थच्या सळईला गुंडाळायची आणि ग्राइंडर चालवायचा. मशीन मंद चालले की सळईपाशी पाणी ओतायचे. मी विचारले की उत्तर ठरलेले, "काही होत नाही जी साहेब, सारेच करून राहिले." हिशेब करा. सळईचा विरोध ५० ओहम आणि ग्राइंडर २ अँपिअर घेतो, तर सळईवर १०० व्होल्ट चढले. पंपाची बॉडी त्याच सळईला जोडलेली असेल तर पंपही तापला, म्हणजे विजेने. आजूबाजूच्या ओल्या मातीतही वीज पसरते. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून तो माणसाआधी पडतो. सळईची तार निसटली तर तिच्या टोकाला सगळे २३० व्होल्ट.

उपाय गळती-स्विचचा, दुकानात आरसीसीबी म्हणून मागा. ३० मिलिअँपिअरचा आणि आयएसआय मार्कचाच घ्या. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने परत आली नाही की तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पडतो. महिन्यातून एकदा त्याचे टेस्टचे बटण दाबून पाहा. एक मर्यादा सांगतो: एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर तोही वाचवणार नाही. आणि सॉकेटात काड्यापेटीच्या काड्या खोचून उघड्या तारा अडकवणे आता बंद करा. एक्स्टेन्शनची वायर तीन तारांची घ्या, गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा, नाहीतर ती आतल्या आत तापते.

कोणी चिकटलाच तर आधी स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने ढकला, हाताने ओढू नका. श्वास नसेल तर मातीत पुरत बसू नका. छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा आणि १०८ ला फोन लावा.

मी स्वतः विहिरीवर गळती-स्विच बसवला, तर तो पहिल्याच दिवशी तीनदा पडला. वायरमन म्हणाला, "साहेब, पीस खराब आहे, काढून टाका." काढला नाही. दोन दिवस शोधले तेव्हा पंपाच्या केबलचा एक जोड चिखलात उघडा पडलेला सापडला. त्याच्यावरून घरची पोरे रोज जात होती.