छंद, शाळा आणि लहानसे बक्षीस

स्मरणिका म्हटली की तीत निकालाचे तक्ते येतात, शिष्यवृत्तीधारकांची नावे येतात, डॉक्टर, अभियंते, अधिकारी झालेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे येतात. ती यायलाच हवीत. ज्या समाजाला शाळेचे दार उशिरा उघडले, त्याने आपल्या यशाची नोंद ठेवलीच पाहिजे. परंतु आमचा शिक्षकांचा एक अनुभव असा की, माजी विद्यार्थी वसतिगृहाच्या आवारात पाऊल ठेवतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात गुण क्वचितच येतात. येते ते हस्तलिखित, ज्याच्या मुखपृष्ठावर कोणी बोधिवृक्ष रंगविला होता. येतो तो मेथीचा वाफा, ज्याला पाणी घालण्यावरून दोन खोल्यांत भांडण झाले होते. येते ती ढोलकी, तो लेझीमचा ताफा आणि परिपाठात सर्वांसमोर मिळालेले एखादे साधे पेन. गुणपत्रिका कपाटात पडून राहते आणि पेन मात्र पंचवीस वर्षांनी आठवते, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर धम्माच्या आणि आपल्या चळवळीच्या इतिहासाच्या आधारे शोधता येते. ते येथे मांडावे, असा आमचा प्रयत्न आहे.

एका शब्दाचे दोन अर्थ

मराठीत ‘छंद’ हा शब्द दोन्ही बाजूंनी चालतो. ‘मुलीला चित्रकलेचा छंद आहे’ म्हटले की कौतुक होते. ‘पोराला भलताच छंद लागला’ म्हटले की घर काळजीत पडते. आणि ‘छंदीफंदी’ ही तर उघड निंदाच. पोटाला चिमटा घेऊन मुलाला निवासी शाळेत धाडणाऱ्या आईवडिलांच्या मनात यांपैकी दुसरा अर्थ आधी उभा राहावा, यात नवल नाही. ‘अभ्यास सोडून हे काय?’ हा त्यांचा प्रश्न प्रेमापोटीच असतो.

पालीतील ‘छन्द’ हा शब्दही असाच दोन बाजूंचा आहे. पाच नीवरणांत, म्हणजे मनाच्या पाच अडसरांत, पहिला अडसर ‘कामच्छन्द’, म्हणजे विषयसुखाची ओढ. पण चार इद्धिपादांत, म्हणजे सिद्धीच्या चार पायऱ्यांत, पहिली पायरीही ‘छन्द’च आहे. त्यापुढे विरिय, चित्त आणि वीमंसा. साध्या शब्दांत सांगायचे तर आधी एखादी गोष्ट करण्याची ओढ, मग त्यासाठी परिश्रम, मग त्यात चित्ताची एकाग्रता आणि शेवटी आपण केले ते नीट झाले की नाही याची चिकित्सा.

हा क्रम शिक्षकाने आणि पालकाने नीट ध्यानात घ्यावा असा आहे. ‘अभ्यासाला बस’ असे आपण मुलाला सांगतो, तेव्हा त्याला थेट दुसऱ्या पायरीवर उभे करतो; पहिली पायरी गाळतो. मग चित्त लागत नाही म्हणून त्यालाच बोल लावतो. छंदात मात्र मूल पहिल्या पायरीवर आपल्या पायांनी चढते. बंद पडलेला रेडिओ उघडून बसलेल्या मुलाला परिश्रमाचा उपदेश करावा लागत नाही. जेवणाची घंटा त्याला ऐकू येत नाही, ही त्याची एकाग्रता. तार कोठे सुटली हे तो पुन:पुन्हा तपासतो, ही त्याची वीमंसा. बीजगणिताला लागणारे सारे गुण तो तेथे कमावीत असतो. फरक एवढाच की, ते कोणी त्याच्यावर लादलेले नसतात.

कोणता छंद पोसावा आणि कोणता आवरावा, याची कसोटीही याच क्रमात आहे. ओढीतून पुढच्या तीन पायऱ्या उगवत असतील तर तो छंद जोपासावा. मोबाइलच्या पडद्यावर तासन्तास बोट फिरविण्यात ओढ पुष्कळ असते, पण परिश्रम नसतात आणि चिकित्सा तर नसतेच. ती ओढ पहिल्याच पायरीवर घोटाळत राहते. त्याच मोबाइलवर एखादी मुलगी पक्ष्यांचे आवाज मुद्रित करून त्यांची वही ठेवू लागली, तर तोच मोबाइल साधन ठरतो. दोष वस्तूत नसून पुढची पायरी नसण्यात आहे.

चळवळीने छंदाला दिलेली जागा

छंद ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असा एक समज आपल्यातही आहे. इतिहास वेगळे सांगतो. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. आपल्या निवासी विद्यालयाची परंपरा शोधत मागे गेलो तर आपण अशाच वसतिगृहांपाशी पोहोचतो. त्या वसतिगृहातील मुले ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवीत. याच सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालविले आणि महार हॉकी क्लबही चालविला. तरुणांनी जुगार आणि दारूकडे न वळता मैदानाकडे वळावे, हा त्यामागील हेतू होता.

हॉकी क्लब कशाला, असे कोणाला वाटेल. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रहही तेव्हा व्हायचा होता. पाण्याचा प्रश्न सुटला नसताना खेळाचा विचार का करावा? त्याचे उत्तर महार वतनाच्या व्यवस्थेत आहे. वतनदार महाराला सरकारी आणि गावकीच्या कामासाठी रात्री-अपरात्री केव्हाही बोलावले जाई. तो घरी नसेल तर घरातील दुसऱ्याने जावे लागे. म्हणजे जमिनीच्या तुकड्याच्या मोबदल्यात त्याचा नुसता घामच नव्हे, तर त्याचा सारा वेळ बांधलेला होता. ज्याची संध्याकाळ त्याची स्वतःची नाही, त्याला छंद कोठून असणार? हे ध्यानी घेतले म्हणजे वाचनालय, मासिक आणि हॉकीची काठी यांचा अर्थ उलगडतो. तुझा वेळ तुझा आहे, आणि त्याचे काय करायचे हे तू ठरविणार आहेस, हे त्या संस्थांनी तरुणांना कृतीने सांगितले. छंद म्हणजे मोकळ्या वेळावरचा हक्क, आणि तो हक्क आपल्याकडे फार उशिरा आला आहे.

त्याची फळे पुढे दिसलीच. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगभूमीवर आणले. दलित रंगभूमीच्या इतिहासात त्या प्रयोगाचे स्थान मोठे आहे. नाटक हा त्या मुलांच्या अभ्यासक्रमाचा भाग नव्हता.

स्वतः बाबासाहेबांच्या आयुष्यातही छंदाला जागा होती. त्यांचा ग्रंथसंग्रह सर्वांना ठाऊक आहे. दादरच्या ‘राजगृहा’ची रचनाच ग्रंथांना डोळ्यांसमोर ठेवून झाली. त्यांना बागेची आवड होती, उत्तम पेनांची हौस होती. आणि उतारवयात, शरीर व्याधींनी पोखरलेले आणि कामाचे डोंगर समोर असताना, ते व्हायोलिन शिकत होते, चित्रकलेचेही धडे घेत होते. त्यांचे व्हायोलिन पुण्याच्या सिम्बायोसिस संस्थेच्या डॉ. आंबेडकर संग्रहालयात पाहावयास मिळते. घटनेच्या शिल्पकाराने नवशिक्याप्रमाणे शिक्षकासमोर बसून सूर जुळवावेत, यात वय झाले म्हणून शिकणे थांबविणाऱ्या आपणा सर्वांना बराच बोध आहे.

एका पुस्तकाची भेट

आता बक्षिसाकडे वळू. आपल्या इतिहासातील सर्वांत फलदायी बक्षीस एका पुस्तकाचे होते. भीमरावांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. बसायला घरून आणलेले गोणपाट आणि तहान लागली तर शिपायाच्या हातून वरून पडणारे पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही, ही त्यांची शाळेची आठवण. पुढे मुंबईत आल्यावर पाठ्यपुस्तकांपलीकडील वाचनाचा त्यांना छंदच जडला. पुस्तक हवे असले की सुभेदार रामजी विवाहित मुलींकडून पैसे उसने आणीत; कधी त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन आल्यावर सोडवीत. चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या नजरेत भरला.

भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर समाजाने त्यांचा सत्कार केला आणि त्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. चरित्रकार हा सत्कार १९०७ च्या मॅट्रिकच्या यशाचा मानतात आणि अध्यक्ष म्हणून सी. के. बोले यांचे नाव देतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रास्ताविकात मात्र बाबासाहेब हा प्रसंग इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा सांगतात आणि अध्यक्ष केळुसकरच होते असे म्हणतात. तपशिलात असा फरक असला तरी भेटीविषयी कोठेही दुमत नाही.

त्याच प्रास्ताविकातील आणखी एक गोष्ट पालकांनी वाचावी. या सत्काराला प्रथम नकार दिला तो रामजींनीच. मुलाने परीक्षा तेवढी दिली आहे, अशाने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. गुरुजींनी मध्यस्थी केली तेव्हा ते राजी झाले. बक्षिसाविषयीचा एका सुज्ञ बापाचा संशय आणि एका सुज्ञ शिक्षकाने त्यावर काढलेला तोडगा, असे या प्रसंगाकडे पाहता येते. गुरुजींनी हार-तुऱ्यावर न थांबता मुलाच्या हाती पुढचे वाचन दिले. मुलाच्या डोक्यात हवा गेली नाही, प्रश्न मात्र गेला. रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बौद्ध वाङ्मय का नाही, असे त्याने वडिलांनाच विचारले. त्या प्रश्नाची वाट १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरपर्यंत गेली.

बक्षीस कसे असावे

बक्षिसाने आवड वाढते की मरते, याचा विचार बौद्ध परंपरेत फार पूर्वी झाला आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाच्या मुलाची, काळाची, गोष्ट येते. हा मुलगा विहाराकडे फिरकत नसे. बापाने त्याला उपोसथ पाळण्यासाठी शंभर नाणी देऊ केली. तो गेला, रात्रभर झोपला आणि सकाळी पैसे घेऊन मोकळा झाला. मग बापाने सांगितले, भगवंतांकडून एक गाथा शिकून आलास तर हजार नाणी देईन. काळ पाठांतरासाठी ऐकू लागला. गाथा ध्यानात राहीना म्हणून पुन:पुन्हा ऐकू लागला. आणि ऐकता ऐकता समजू लागला. दुसऱ्या दिवशी बापाने हजार नाणी पुढे केली, तेव्हा त्याला संकोच वाटला आणि त्याने ती घेतली नाहीत. शंभर नाण्यांनी काही घडले नव्हते, कारण तेथे फक्त हजेरी विकत घेतली होती. हजार नाण्यांच्या वेळी काहीतरी करावे लागले, आणि करता करता ओढ जन्मली. ओढ आली की नाणी निरर्थक झाली.

आधुनिक मानसशास्त्राचा एक प्रसिद्ध प्रयोग या गोष्टीशेजारी ठेवण्यासारखा आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकन संशोधकांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली बालवाडीतील मुले निवडली. काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले. काहींना काही न सांगता नंतर तेच प्रशस्तिपत्र दिले. काहींना काहीच दिले नाही. काही दिवसांनी पाहिले तर ज्यांना आधी आमिष दाखविले होते, ती मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमत होती. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती.

या सर्वांतून बक्षिसाचे काही साधे नियम निघतात. जेथे ओढ नाही तेथे लहानसे आमिष दार उघडण्यापुरते चालेल. पण त्यासाठी मुलाला काही करावे लागले पाहिजे. जेथे ओढ आहे तेथे आमिष दाखवू नये. काम झाल्यावर, न सांगता कौतुक करावे. बक्षीस त्या छंदाच्या वाटेवरचेच असावे : चित्र काढणाऱ्यास चांगला ब्रश, बागेत राबणाऱ्यास बियाण्याची पुडी, वाचणाऱ्यास पुढचे पुस्तक. आणि ते लहान असावे. मोठे बक्षीस डोळ्यांत भरते, त्यामागचे काम दिसेनासे होते. लहान बक्षीस सांगते की कोणीतरी तुझे काम पाहिले आहे. पंचवीस वर्षांनी पेन आठवते ते याच कारणाने.

आता आपल्याकडे काय मागावे

दहावीच्या वर्गाचे छंदाचे तास जादा तासिकांना द्यावेत, अशी मागणी पालकसभेत दरवर्षी होते. स्पर्धा कठीण आहे आणि आपल्या मुलांच्या पाठीशी वडिलोपार्जित काही नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच हे तास राखावेत असे आम्ही म्हणतो. ज्याला स्वतःच्या वेळेचे काय करावे हे ठाऊक नाही, तो नोकरी लागल्यावरही दुसऱ्याच्या घंटेवर जगतो. पालकांनी सुटीत मुलाला एवढेच विचारावे : या सत्रात तू स्वतःहून काय केलेस?

माजी विद्यार्थ्यांकडे आमच्या दोन मागण्या आहेत. गुणवंतांसाठी आपण रोख बक्षिसे पाठविता, त्याबद्दल विद्यालय ऋणी आहे. त्यासोबत वर्षातून एक पुस्तक, एक बासरी किंवा रंगांची एक पेटी पाठवा. ती कोणाला द्यायची हे आधी जाहीर होणार नाही. बागेत एकटे वाचत बसलेले मूल शोधण्याचे काम शिक्षकांचे. दुसरी मागणी आपल्या स्वतःसाठी आहे. आपल्यापैकी अनेक जण आता निवृत्तीच्या जवळ आहेत. पाली शिका, पेटी शिका, गावच्या जुन्या कागदपत्रांची मोडी वाचायला शिका. आणि पुढच्या वेळी विद्यालयात याल तेव्हा मुलांना आपले पद सांगण्यापूर्वी आपण सध्या काय शिकत आहात, ते सांगा. साठीतला माणूस नवशिका असू शकतो, हे त्यांना डोळ्यांनी दिसू द्या.