विद्वानांची साक्ष आणि नगरपालिकेचा निवाडा

आमच्या बहुतेक शहरांच्या बाजारपेठेत एक खेळ वर्षानुवर्षे चालला आहे. सकाळी अतिक्रमण विभागाची गाडी येते. रस्त्याच्या कडेच्या हातगाड्या, पथाऱ्या व तराजू उचलून नेते. दुकानदार समाधान पावतात. आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत तीच पथारी त्याच जागी पुनः अंथरलेली असते. मग दुकानदारांचा अर्ज आयुक्तांकडे जातो, त्यामागून फेरीवाल्यांचा मोर्चा जातो, आणि दोघांच्याही तोंडी आकडे असतात. एक म्हणतो, काल आलेल्यांनी रस्ता व्यापला. दुसरा म्हणतो, आमची तिसरी पिढी ह्या चौकात बसते. खरे कोणाचे? हे सांगण्यास ज्याने स्वतः मोजून पाहिले आहे असा तिऱ्हाईत लागतो, आणि नेमका तोच ह्या कज्जात कोठे दिसत नाही. त्याला शोधण्यास दूर जावयास नको. तो गावातल्याच महाविद्यालयात बसला आहे. त्याची व नगरपालिकेची गाठ कशी पडावी, हा आजचा आमचा विषय आहे.

बाजाराचा अभ्यास हा पंडितांचा विषयच नव्हे, असे म्हणणारास आम्ही पुण्याचे उदाहरण दाखवू. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत प्रो. धनंजयराव गाडगीळ ह्यांनी पुण्याच्या फळबाजाराची पाहणी केली. ती १९३३ साली प्रसिद्ध झाली. १९३५ साली मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी निघाली. आणि १९४५ व १९५२ साली खुद्द पुणे शहराच्या सामाजिक व आर्थिक पाहणीचे दोन भाग बाहेर पडले. जगाचे अर्थशास्त्र जाणणाऱ्या माणसास दारातल्या आंब्याची व केळ्याची वाट शोधण्यात कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

फेरीवाल्यांच्या प्रश्नातही असेच घडले. १९९८ साली मुंबई महापालिकेच्या जागांवर बसणाऱ्या फेरीवाल्यांची गणना टाटा समाजविज्ञान संस्था व ‘युवा’ ह्या संस्थांनी केली. समाजशास्त्राचे प्राध्यापक शरित भौमिक ह्यांनी मुंबईसह अनेक शहरांतील पथविक्रेत्यांचा अभ्यास केला. २००४ साली राष्ट्रीय धोरण आले व २०१४ साली कायदा झाला. हा कायदा एकट्या पंडितांनी घडविला असे आम्ही म्हणत नाही. विक्रेत्यांच्या संघटनांची चळवळ आणि १९८९ पासूनचे सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ह्यांचा त्यात मोठा वाटा आहे. परंतु चळवळीच्या हाती मोजलेला आकडा असला, म्हणजे तिच्या बोलण्यास निराळेच वजन येते.

आता ह्या कायद्याची मेख पाहा. सर्व विक्रेत्यांची पाहणी होऊन त्यांस प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणासही उठविता येत नाही. पाहणी निदान पाच वर्षांतून एकदा व्हावयाची. आणि प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांस जागा द्यावयाची. अर्थात् सारी इमारत पाहणीच्या पायावर उभी आहे. ती पाहणी सकाळी अकरा वाजता केली, तर पहाटे भाजी विकून गेलेला माळी व सायंकाळी येणारा भजीवाला हे दोघेही कागदावर जन्मास येत नाहीत. दोन तास टोपली घेऊन बसणारी म्हातारी नोंदीतून सुटते, आणि चार गाड्या भाड्याने देणारा मात्र चार नावांनी नोंदला जातो. असल्या यादीने विक्रेत्याचेही नुकसान व दुकानदाराचेही. कोणत्या वेळी, कोणत्या वारी, किती वेळा मोजावे, हे एक शास्त्र आहे. ते जाणणारे अध्यापक व पाय न थकणारे विद्यार्थी गावात असता कामाच्या ओझ्याखालच्या कारकुनाकडून ही यादी घाईने उरकून घेणे हे शहाणपण नव्हे.

मग गाठ पडत नाही ती का? दोष दोन्हीकडे आहे. आमचा विद्वान नगरपालिकेत जातो तो आपल्या प्रबंधापुरती माहिती मागण्यास. ती मिळाली की तो तीन वर्षांनी इंग्रजीत ग्रंथ लिहितो. तोपर्यंत ठराव होऊन रस्ताही खणला गेलेला असतो. ज्या नगरसेवकाने मत द्यावयाचे त्याच्या हाती मराठीत दोन पानांचे टिपणही पडत नाही. उलट नगरपालिकेस विद्वान हवा असतो तो आधीच ठरलेल्या गोष्टीवर शिक्का मारण्यास. सल्लागार कंपनीस पैसे मोजले जातात, तिचा अहवाल कपाटात राहतो, आणि तो पाहण्यास नागरिकास २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज करावा लागतो.

आमचा धंदा वकिलीचा, म्हणून आम्हांस ह्या रोगावर कोर्टातलाच उपाय सुचतो. तज्ज्ञाचे मत न्यायालयाने विचारात घ्यावे, ही तरतूद १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होती व त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. परंतु तज्ज्ञ हा साक्षीदार असतो. तो पक्षकाराचा वकील नव्हे आणि न्यायाधीशही नव्हे. त्याची उलटतपासणी होते. त्याचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नसते. तथापि ते बाजूस सारावयाचे तर कारण लिहावे लागते. हीच शिस्त नगरपालिकेच्या सभागृहात आणावी, एवढेच आमचे मागणे आहे.

त्यासाठी नवा कायदा नको. नगरपालिकेच्या कारभाराचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्ती नामनिर्देशित सदस्य म्हणून घेण्याची वाट घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने मोकळी ठेवली आहे. त्यांस मत नाही, पण वाचा आहे. म्हणजे कायद्याने साक्षीदाराचा पिंजराच तेथे उभारला आहे. त्या पिंजऱ्यात निवडणुकीत पडलेल्या व रुसलेल्या उमेदवारांस बसविण्याची चाल सर्वच पक्षांनी पाडली आहे, ती आम्हांस लाजिरवाणी वाटते. पथविक्रेता समितीत विक्रेत्यांस निदान चाळीस टक्के जागा आहेत व व्यापारी संघांसही स्थान आहे. विकास आराखड्यावरील हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत तज्ज्ञांस जागा आहे. दारे इतकी आहेत. उणीव आहे ती आत जाणाराची व आत घेणाराची.

कित्येक म्हणतील, “आम्ही मते देऊन निवडले ते नगरसेवकांस, हे पंडितांचे राज्य कशास?” आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच आम्ही विद्वानास निवाड्याचा अधिकार देत नाही. पथारीवाल्याची भाकरी व दुकानदाराचा दर्शनी भाग ह्यांत तडजोड कोठे करावी, हे गणिताने ठरत नाही. तो न्यायबुद्धीचा प्रश्न आहे व तो लोकनियुक्तांनीच सोडवावा. मात्र चौकात माणसे किती, हा न्यायबुद्धीचा प्रश्न नव्हे. तेथे मोजणाऱ्याचेच ऐकले पाहिजे.

तेव्हा विद्यापीठांस आमची विनंती अशी की, ठराव होण्यापूर्वी या, मराठीत लिहा, आणि तुमच्या पाहणीस पैसा कोणी दिला हे पहिल्याच पानावर सांगा. नगरपालिकेस विनंती अशी की, माहिती मागितल्यावाचून खुली करा, आणि सल्ला नाकाराल तर कारण लिहा. आणि आमच्या व्यापारी बंधूंस सांगणे असे की, पुढच्या वेळी अर्ज घेऊन जाल तेव्हा “सर्वांस हटवा” एवढेच न मागता “आधी नीट मोजा” असेही मागा. ती मोजणी कदाचित् तुमच्याविरुद्धही जाईल. परंतु जो पुरावा आपल्याविरुद्ध जाईल म्हणून आपण टाळतो, त्याच्यावाचून झालेला निवाडा फार काळ टिकत नाही. तुमच्या दारातली रोज उठणारी व रोज बसणारी पथारी ह्याचीच साक्ष देत आहे.