‘एज्युपंक’ कॉम्प्युटरविरोधी नव्हते

गैरसमज: कॉलेजचं ठरावीक कोर्स-सॉफ्टवेअर नाकारणारे प्राध्यापक तंत्रज्ञानाला बिचकतात.

वस्तुस्थिती: ‘एज्युपंक’, म्हणजे तयार सॉफ्टवेअरऐवजी शिकवण्याची साधनं स्वतः उभारा, ही घोषणा २००८ मध्ये दिली जिम ग्रूम यांनी. व्हर्जिनियातल्या मेरी वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांची नोकरीच मुळी अध्यापनात तंत्रज्ञान आणण्याची होती. राग होता ब्लॅकबोर्डसारख्या सॉफ्टवेअरच्या साच्यावर. विषय इतिहास असो की रसायनशास्त्र, पान तेच. सत्र संपलं की कोर्सला कुलूप आणि मुलांचं लेखन आत. त्यातच त्या फेब्रुवारीत ब्लॅकबोर्डने डिझायर टू लर्न या प्रतिस्पर्धी कंपनीविरुद्ध पेटंटचा खटला जिंकला होता, भरपाई ३१ लाख डॉलर. (पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला.)

गैरसमज: मग मूडल वापरा, ते फुकट आहे!

वस्तुस्थिती: मूडल हे कोर्स-सॉफ्टवेअर २००२ पासून मुक्तस्रोत आहे, हवं तसं बदलताही येतं. पण बहुतेक ठिकाणी तेही पासवर्डमागचा, सत्रागणिक मिटणारा वर्ग म्हणूनच चालतं. परवान्याचे पैसे वाचले तरी विद्यार्थ्याचं काम कुठे राहणार, हा प्रश्न तसाच राहतो.

गैरसमज: स्वतः उभारायचं तर प्रोग्रामर हवा.

वस्तुस्थिती: याच विद्यापीठाच्या ‘डीएस १०६’ या डिजिटल कथाकथनाच्या कोर्सची मांडणी पाहा. प्रत्येक विद्यार्थी आपल्या ब्लॉगवर लिहितो. आरएसएस फीडमधून सगळ्यांच्या नोंदी कोर्सच्या पानावर आपोआप जमतात. सगळं वर्डप्रेसवर. गृहपाठही विद्यार्थी सुचवतात, आणि ते पुढच्या तुकडीला मिळतात. माझ्या मते खरी बंडखोरी इथे आहे. २०११ मध्ये कोर्स जगाला खुला झाला, तेव्हा बाहेरचे लोकही आपापले ब्लॉग जोडून सामील झाले. २०१३ पासून विद्यापीठ नव्या विद्यार्थ्यांना स्वतःचं डोमेन आणि होस्टिंग देऊ लागलं. पदवीनंतर सगळी साइट बरोबर नेता येते. अर्थात पुढचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

गैरसमज: म्हणजे जुनं सॉफ्टवेअर फेकूनच द्यायचं.

वस्तुस्थिती: गुण उघड्यावर टाकता येत नाहीत, अमेरिकेत १९७४ च्या ‘फेर्पा’ कायद्याने विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय आहेत. तेव्हा गुण बंद प्रणालीत आणि लेखन बाहेर, ही विभागणी सोयीची. शिवाय स्वतः उभारलेल्या व्यवस्थेला देखभाल लागते: अपडेट, बॅकअप, स्पॅम. हे काम एखाद्या उत्साही प्राध्यापकावर सोडलं, तर त्यांच्या बदलीबरोबर साइटही बंद पडते.