जुना बँड, जुने कान

१९९१ साली खामगाव किंवा मलकापुरात दहावीला बसलेला मुलगा आता पन्नाशीला आला आहे. केबलवाल्याने गच्चीवर छत्री लावली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत एमटीव्ही नावाचं अजब चॅनल घरात शिरलं. त्यावर दिसणारा डोक्याला रुमाल बांधलेला गायक आणि उंच काळी टोपी घातलेला गिटारवाला त्याच्या डोक्यात बसले ते बसलेच. शब्द निम्मे कळत नव्हते, पण दुकानातून कोरी कॅसेट भरून आणली होती. ती इतकी वाजली की फीत सैल पडायची आणि पेन घालून पुन्हा गुंडाळावी लागायची. घरच्यांच्या लेखी हा सगळा धांगडधिंगा.

तो बँड म्हणजे गन्स अँड रोझेस. १९९६ मध्ये गिटारवादक स्लॅश बाहेर पडला, पाठोपाठ बासवादक डफ मॅकेगनही गेला. डिसेंबर २०१२ मध्ये बँडचं नाव घेऊन गायक ॲक्सल रोझ पहिल्यांदा भारतात आला तेव्हा हे दोघे सोबत नव्हते. त्याच वर्षी पुन्हा एकत्र येण्याबद्दल विचारल्यावर ॲक्सलने ‘या जन्मात तरी नाही’ अशा अर्थाचं उत्तर दिलं होतं. २०१६ मध्ये तिघे एका मंचावर उभे राहिले आणि त्यांनी दौऱ्याला नावही तेच दिलं. हा दौरा २०१९पर्यंत चालला आणि त्याने ५० कोटी डॉलरहून जास्त कमाई केली. भारतातल्या चाहत्यांना मात्र १७ मे २०२५ची वाट पाहावी लागली. त्या संध्याकाळी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर स्लॅशसह गन्स अँड रोझेस वाजले.

बुलढाणा जिल्ह्यातून अशा कार्यक्रमाला जायचं तर मलकापूर किंवा शेगावहून रात्रीची गाडी, दादरला सकाळ, दिवसभर उकाडा आणि संध्याकाळी हजारोंच्या गर्दीत तीन तास उभं राहणं. पन्नाशीत, गुडघे कुरकुरत असताना माणूस हे का करतो, याचं उत्तर बऱ्यापैकी मेंदूत सापडतं. त्याची किंमत काय मोजावी लागते, याचं उत्तर कानात सापडतं. पहिल्या उत्तरावर भरपूर लिहिलं जातं. दुसऱ्याकडे आपल्याकडे फारसं कोणी पाहत नाही.

आधी मेंदू. माणसाला आपल्या आयुष्यातल्या सगळ्या वर्षांच्या आठवणी सारख्या येत नाहीत. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त आणि ठळक असतात. आलेख काढला तर त्या वयापाशी उंचवटा दिसतो आणि संगीताच्या बाबतीत तो फार स्पष्ट असतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विशीतल्या मुलांना वेगवेगळ्या दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली गेली. स्वतःच्या काळातली गाणी त्यांना जवळची वाटली, यात नवल नव्हतं. पण त्यांचे आईवडील तरुण असतानाची गाणीही त्यांना जवळची वाटली. लहानपणी घरात, गाडीत जे वाजत होतं ते नकळत मुरलं होतं. अशा कार्यक्रमात बापाशेजारी त्याची कॉलेजातली मुलगीही ओरडत असते, त्यामागे हेही एक कारण असावं.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. २०११ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना अंगावर काटा आणणारं स्वतःच्या आवडीचं संगीत आणायला सांगितलं आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. आवडती जागा आली की मेंदूच्या बक्षीस देणाऱ्या भागात डोपामिन हे रसायन सुटतं, हे अपेक्षित होतं. पण ती जागा यायच्या काही क्षण आधीही, मेंदूच्या वेगळ्या भागात, डोपामिन सुटत होतं. ‘आता येणार, आता येणार’ यातही सुख असतं. मेंदूला हे सुख मिळण्यासाठी गाणं पाठ असावं लागतं. ‘नोव्हेंबर रेन’ हे गाणं जवळपास नऊ मिनिटांचं आहे. त्यातला गिटारचा तुकडा कधी येणार, हे ज्याला तीस वर्षांपासून ठाऊक आहे त्याला तो येण्याआधीच काटा येतो. नव्या गाण्याला हे जमत नाही. जुने बँड नवी गाणी वाजवू लागले की लोक पाणी प्यायला जातात, ते उगाच नाही.

तिसरी गोष्ट गर्दी. ती शेगावच्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये पायी वारी झाली नाही. २०२२च्या जूनमध्ये गजानन महाराजांची पालखी पुन्हा पायी पंढरपूरला निघाली तेव्हा टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर शेकडो पावलं एकत्र पडताना रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्यांचे डोळे का भरून आले, हे त्यांनाच विचारावं. भक्ती वेगळी आणि बँडचं वेड वेगळं. त्यांची बरोबरी करायचं कारण नाही. पण शरीराला ठेका तेवढा कळतो. बर्लिनमध्ये मैफलीला बसलेल्या सुमारे १३० श्रोत्यांच्या हृदयाचे ठोके, श्वास आणि त्वचेवरचा घाम मोजण्यात आला. शांत बसून शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या त्या माणसांची शरीरं काही प्रमाणात एका लयीत चालत होती. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. नाचत, उड्या मारत, एका सुरात ओरडणाऱ्या गर्दीत काय होत असेल, याची कल्पना करता येते.

तेव्हा हा उत्साह खोटा नाही आणि ‘या वयात शोभतं का’ हा प्रश्नही गैरलागू आहे. आनंद, जुने मित्र, दोन दिवस मोबाइलवरच्या ऑफिसच्या ग्रुपपासून सुटका, हे सगळं तब्येतीला चांगलंच. गोची होते ती आवाजापाशी.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, वाटाण्याएवढी एक पोकळी असते. तिच्यात प्रत्येक बाजूला सुमारे १५ हजार पेशी असतात आणि त्यांच्या टोकाला अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात. आवाजाची लाट आली की हे तंतू वाकतात आणि मेंदूकडे विजेचा संदेश जातो. ज्वारीच्या शेतावरून वारा जावा तसं. वारा बेताचा असेल तर कणसं पुन्हा सरळ होतात. वादळ आलं तर पीक आडवं होतं.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले आणि देशभरातले कॅमेरे तिकडे धावले. त्रास आणि धास्ती खरीच होती. पण डोक्यावरच्या केसांचं मूळ शाबूत असेल तर ते परत येऊ शकतात. कानातल्या या केसपेशी एकदा मेल्या की माणसाला आयुष्यात परत मिळत नाहीत. पक्ष्यांना मिळतात. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा तयार होतात, हे शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकातच दाखवलं. माणसाच्या कानात ते घडवून आणायचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत.

किती आवाज किती वेळ चालतो, याचा एक सोपा हिशेब आहे. कामाच्या ठिकाणासाठी अमेरिकी संस्थेने घालून दिलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसात आठ तास अशी आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक. या हिशेबाने १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. रॉक कार्यक्रमात मंचाजवळ १०० डेसिबल ही नेहमीची गोष्ट, पुष्कळदा त्याहून जास्तच. तीन तास उभं राहिलं तर एका दिवसाच्या मर्यादेच्या बारा पट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी मानक काढलं. त्यातही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, श्रोत्यांना कानात घालायचे बोळे मिळावेत आणि शांत बसायला जागा असावी, असं म्हटलं आहे.

हे सगळ्यात आधी वाजवणाऱ्यांना कळलं, तेही किंमत मोजून. ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा १९७६ सालचा लंडनमधला कार्यक्रम १२६ डेसिबलसाठी गिनीज बुकात गेला. पुढे कानांचं नुकसान होऊ नये म्हणून गिनीजने सर्वांत मोठ्या आवाजाच्या बँडचा विक्रम नोंदवणंच थांबवलं. त्याच बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड ऐकू कमी येण्याबद्दल आणि कानात सतत घुमणाऱ्या आवाजाबद्दल उघडपणे बोलत आला आहे. कोल्डप्लेच्या ख्रिस मार्टिननेही २०१२ मध्ये आपल्याला हा कर्णनाद असल्याचं सांगितलं. २०१६ मध्ये एसी/डीसीचा गायक ब्रायन जॉन्सन याला डॉक्टरांनी दौरा थांबवायला सांगितलं, नाहीतर पूर्ण बहिरेपण येईल अशी भीती होती. त्याच्या जागी उरलेला दौरा कोणी गायला? ॲक्सल रोझने.

आज मंचावरचे बहुतेक वादक कानात घट्ट बसणारी, बाहेरचा आवाज अडवणारी यंत्रं घालतात. समोरचे लोक उघड्या कानांनी उभे असतात.

कार्यक्रमानंतर कानाला दडे बसतात, बारीक शीळ ऐकू येते, समोरचा पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. बहुतेकांचं हे दुसऱ्या दिवशी ओसरतं आणि माणूस विसरतो. पूर्वी डॉक्टरही म्हणत, ऐकू येणं पूर्ववत झालं म्हणजे कान बरा झाला. २००९ साली हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगाने ही समजूत हलवली. उंदरांचं ऐकणं तपासणीत पूर्ववत आलं होतं, केसपेशीही शाबूत होत्या, पण त्या पेशींना मज्जातंतूशी जोडणारे निम्म्याच्या आसपास सांधे कायमचे तुटले होते. माणसात हे किती प्रमाणात होतं, यावर वाद आहे. मात्र ‘ऐकू येतं, पण चार माणसं एकदम बोलली की काही कळत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांचे कान त्यामुळे नव्याने तपासले जाऊ लागले.

पन्नाशीत वयाचाही वाटा असतो. आधी जातात ते उंच स्वर. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं निसटतात, ‘सात’ आणि ‘हात’ यांत गोंधळ होतो. घरचे म्हणतात टीव्ही मोठा आहे, हा म्हणतो तुम्ही पुटपुटता. लॅन्सेट नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरील आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्यासारख्या १४ कारणांची यादी दिली. तिच्यात कमी ऐकू येणंही आहे.

उपाय मात्र लाजिरवाणा वाटावा इतका स्वस्त आहे. औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारे फोमचे बोळे. २०१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका खुल्या संगीत महोत्सवात ५१ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. साडेचार तासांनंतर कान तपासले. बोळे न घातलेल्यांपैकी ४२ टक्के लोकांची ऐकण्याची क्षमता तात्पुरती घटली होती, घातलेल्यांपैकी ८ टक्क्यांची. कानात शीळ वाजणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्के विरुद्ध १२ टक्के. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर ओढायची, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता टेकवला तर उपयोग नाही. कापसाचाही नाही, तो आवाज जवळजवळ अडवत नाही. गाणं बिघडतं का? फोममध्ये थोडं दबतं. वादकांसाठीचे गाळणीचे बोळे मिळतात, ते थोडे महाग, पण त्यांतून सूर तसाच राहतो, फक्त खाली येतो.

जागाही निवडता येते. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं तर आवाज ३ ते ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे वरच्या हिशेबाने वेळ दुप्पट ते चौपट. तासाभराने दहा मिनिटं मागे जाऊन उभं राहिलं तरी कानाला उसंत मिळते.

खरं तर तेरा वर्षांतून एकदा येणाऱ्या बँडने चिखली-मेहकरच्या माणसाचे कान जाणार नाहीत. ते जातात वरातीत. मे महिन्यात इकडे लगीनसराई असते. ट्रॅक्टर-ट्रॉलीवर किंवा टेम्पोवर रचलेल्या भिंतीएवढ्या डीजेसमोर, हात लावता येईल इतक्या अंतरावर, दहा-बारा वर्षांची पोरं नाचत असतात. कायदा आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. तक्रार झाली तर ती म्हाताऱ्यांच्या झोपेसाठी किंवा छातीत धडधडणाऱ्यासाठी होते. समोर नाचणाऱ्या पोराच्या कानांसाठी तक्रार झाल्याचं क्वचितच ऐकू येतं. बापाने मुंबईला जाताना खिशात बोळ्यांची जोडी टाकली असेल, तर दुसरी जोडी घरी या पोरासाठी ठेवायला हवी.

मैफल संपवून परतलेल्या चाहत्याच्या कानातली शीळ गाडीत, इगतपुरीच्या घाटात, ऐकू येत राहिली तर घाबरू नये. बहुधा ती दिवसभरात थांबते. दोन दिवसांनंतरही थांबली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल तर ‘मळ असेल’ म्हणून तेल घालत बसू नये, त्याच दिवशी जावं. अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच फायद्याची शक्यता जास्त असते.

बाकीच्यांनी पन्नाशीत एकदा ऑडिओमेट्री करून घ्यायला हरकत नाही. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीक पिप ऐकू आला की बटण दाबायचं, अर्ध्या तासाचं काम. हाती येतो तो एक आलेख. वयाने कमी झालेलं ऐकणं त्यावर उजवीकडे हळूहळू उतरत जातं. मोठ्या आवाजाने गेलेलं ऐकणं वेगळं दिसतं. ४००० हर्ट्झच्या आसपास रेघ एकदम खाली जाते आणि पुढे पुन्हा थोडी वर येते. त्या खाचेला किती वराती, किती हेडफोन आणि किती गिटार कारणीभूत आहेत, ते आलेखावर लिहिलेलं नसतं.