अमावास्येच्या आकाशातले काळे पट्टे

लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची. आमच्या वाशिम जिल्ह्यात गावापासून दूर शेतात उभे राहिले, तर त्या रात्रीही आकाश पूर्ण काळे नसते. ताऱ्यांचा उजेड वजा केला तरी एक अंधुक प्रकाश उरतो. तो आपल्याच वातावरणाचा. त्याला मी वायुदीप्ती म्हणतो. स्वीडिश शास्त्रज्ञ आँगस्ट्रॉम यांनी १८६८ मध्ये त्यातली हिरवी रेषा वर्णपटात ओळखली.

दिवसा सूर्याचे अतिनील किरण ऑक्सिजनचे रेणू फोडतात, इलेक्ट्रॉन मोकळे करतात. रात्री हे तुकडे पुन्हा जुळतात आणि साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. सुमारे ९७ किलोमीटर उंचीवरून हिरवा प्रकाश येतो, तर सुमारे २५० किलोमीटरवरून तांबडा.

हा प्रकाश सर्वत्र सारखा का नसतो? खालच्या थरातील बारीक लहरींचे मूळ बहुधा जमिनीजवळ असते. वादळी ढग किंवा डोंगर हवेला वर ढकलतात, गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढते. हे हेलकावे वर चढत जातात आणि प्रकाशात पट्टे उमटवतात.

तांबड्या प्रकाशातील काळे पट्टे मात्र वेगळे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या कॅमेऱ्यांनी कोल्हापुरातून ते टिपले आहेत : दक्षिणोत्तर पसरलेले, पूर्वेकडे सरकणारे. सूर्यास्तानंतर चुंबकीय विषुववृत्तावर आयनांबर वर उचलले जाते. त्याचा तळ लवकर विरळ होतो, वरचा भाग दाट राहतो. तेलावर पाणी ओतावे तशी ही स्थिती. विरळ भाग बुडबुड्यासारखा वर घुसतो. इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांना बांधलेले असल्याने तो बुडबुडा त्या रेषांवरून उत्तरेला व दक्षिणेला पसरतो. तिथे जुळायला इलेक्ट्रॉनच कमी, म्हणून प्रकाशही कमी. बुडबुडा जितका उंच चढेल, तितका पट्टा उत्तरेला लांबतो. त्यामुळे कोल्हापूरच्या उत्तरेला असलेल्या वाशिमपर्यंत पोचायला त्याला अधिक उंच जावे लागते.

हे केवळ कुतूहल नाही. अशा बुडबुड्यातून येणारा उपग्रहाचा संदेश थरथरतो, कधी तुटतो. विमानांना मार्ग दाखवणाऱ्या आपल्या ‘गगन’ प्रणालीला याचा विचार करावाच लागतो. भारतात या बुडबुड्यांचा जोर विषुवदिनांच्या आसपास, म्हणजे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अधिक. ते टिपायला निरभ्र, चंद्रहीन आकाश आणि दिव्यांच्या झगमगाटापासून दूरची जागा हवी. आमच्या शिवारात तसा काळोख अजून शिल्लक आहे. रस्त्यावरचे दिवे नुसते वरून झाकलेले असले, तरी तो बराच टिकेल.