फोटो हलतो कशामुळे?

आमच्या घरी कपाटाच्या खालच्या खणात बुटांचा एक जुना खोका आहे. निकाहचे, ईदचे, शाळेच्या सहलींचे असे चाळीस वर्षांचे फोटो त्यात कोंबलेले आहेत. गेल्या वर्षी तो खोका घेऊन बसलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. नानींचा धड असा एकही फोटो त्यात नव्हता. पूर्वी लग्नात फोटोग्राफर परका पुरुष असायचा, तेव्हा नानी आतल्या खोलीत बसायच्या. पुढे घरातल्या पोरांच्या हाती मोबाईल आले, पण तोवर नानींचे हात कापू लागले होते. आता त्यांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे आहे. जो फोटो काढावा त्यात चेहरा धूसर आणि हातांच्या जागी नुसता पांढरा पट्टा.

शिक्षक पतपेढीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला त्या महिन्यात आम्ही एक डिजिटल कॅमेरा घेतला. कॅमेरा चांगला असला की फोटो हलणार नाही, अशी भाबडी समजूत होती. पहिल्या महिन्यातले निम्मे फोटो हललेलेच निघाले. दुकानदाराने तीन जोडवस्तू सुचवल्या: रिमोट, कंपन कमी करणारी लेन्स आणि वर बसवायचा वेगळा फ्लॅश. आम्हाला वाटले, तिन्हींचे काम एकच. तसे नाही, हे कळायला आमचे वर्ष गेले. आपल्या वाचकांचे जाऊ नये, म्हणून हा लेख.

वर्गात आम्ही मुलांना सांगतो, गणित चुकले तर सगळे पुसू नका, कोणती पायरी चुकली ते शोधा. फोटोचेही तसेच आहे. बटण दाबले की शटर ठरावीक वेळ उघडते आणि तेवढ्या वेळात उजेड आत येतो. भर उन्हात ही वेळ सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकी पुरते. ट्यूबलाईटच्या खोलीत पंधरावा भाग लागतो. तेवढ्यात जे काही हलेल त्याची रेघ उमटते. हलणाऱ्या गोष्टी तीनच: बटण दाबणारे बोट, कॅमेरा धरणारा हात आणि समोरचा माणूस. प्रत्येकावर इलाज वेगळा.

बोटाचा धक्का

रमजानचा एकोणतिसावा रोजा होता. मगरिबनंतर आम्ही रंकाळ्याच्या चौपाटीवर गेलो. सोबत भाची होती, अकरावीत शिकणारी. पाण्यापलीकडे पश्चिमेला आभाळ तांबूस होते आणि कठड्याजवळ लहानथोर माना वर करून उभे होते. कोणीतरी "तो बघा" म्हणाले आणि नखाएवढी कोर दिसली. आम्ही ट्रायपॉड लावला, लेन्स तीनशे मिलिमीटरवर नेली आणि बटण दाबले. पडद्यावर एकाच्या दोन कोरी दिसल्या!

कॅमेरा ट्रायपॉडवर होता, मग हलला कसा? आमच्या बोटाने. लांबची लेन्स चंद्राला जशी मोठी करते, तशी धक्क्यालाही मोठी करते. इथे रिमोट कामाला येतो. तो दोन प्रकारचा असतो. एक वायरचा, कॅमेऱ्याला जोडायचा. दुसरा बिनवायरचा, टीव्हीच्या रिमोटसारखा. बिनवायरच्यातले स्वस्त रिमोट अदृश्य अवरक्त किरणांवर चालतात. कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला असलेल्या लहान काळ्या खिडकीला ते दिसावे लागतात, आणि कडक उन्हात कधी कधी दाद देत नाहीत. घेताना आपल्या कॅमेऱ्याचे मॉडेल सांगूनच घ्यावा. एकाचा रिमोट दुसऱ्याला चालतोच असे नाही. अनेक नव्या कॅमेऱ्यांना मोबाईलही रिमोट म्हणून जोडता येतो.

रिमोट नसेल तरी अडत नाही. सेल्फ टायमर दोन सेकंदांवर लावा. बटण दाबून हात काढला की ट्रायपॉडची थरथर थांबते आणि मग शटर उघडते. त्या संध्याकाळी आम्ही तेच केले. आयएसओ ४००, एफ/५.६ आणि सेकंदाचा तिसावा भाग इथून सुरुवात केली. उजेड उतरत गेला तशी वेळ थोडी वाढवली. फार वाढवून चालत नाही, कारण पृथ्वी फिरते आहे. आपल्याला दिसणारा चंद्र साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. दोन-चार सेकंद शटर उघडे ठेवले, तर लांब लेन्समध्ये कोर पसरट होते.

शेजारी एक तरुण मोबाईलचा फ्लॅश चमकवत चंद्राचे फोटो काढत होता. भाचीला हसू आवरेना. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, आणि फ्लॅशची धाव काही मीटर. दूरच्या वस्तूसाठी फ्लॅश बंदच ठेवावा.

रिमोटचा घरगुती उपयोग आणखी एक. ईदच्या दिवशी सगळे एकत्र बसतात आणि फोटो काढणारा मात्र फोटोत नसतो. आमच्या अब्बांचे निम्मे आयुष्य असेच फोटोबाहेर गेले. दहा सेकंदांचा टायमर लावून धावत येऊन बसले, तर धाप लागलेला चेहरा येतो. रिमोट मुठीत लपवून सगळ्यांमध्ये बसा आणि पाच-सहा फोटो घ्या. एखाद्यात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असतात. जुन्या पद्धतीच्या, डोळा लावून बघायच्या कॅमेऱ्यात अशा वेळी मागची काच झाकावी. तिथून उजेड शिरला तर कॅमेऱ्याचे मोजमाप चुकते आणि फोटो काळपट येतो.

हाताची थरथर

दुसरा प्रसंग पुतण्याच्या कुरआन पूर्ण होण्याचा. छोटी खोली, चाळीस माणसे आणि वर एकच ट्यूब. ट्रायपॉड मांडायला जागा नव्हती. फ्लॅश मारून मुलाचे चित्त विचलित करणे आम्हाला बरे वाटेना. कॅमेरा हातातच धरायचा होता.

हातात धरून काढायच्या फोटोसाठी जुना ठोकताळा असा: लेन्स जितक्या मिलिमीटरची, शटर निदान सेकंदाच्या तितक्याव्या भागाचे हवे. पन्नासची लेन्स असेल तर १/५०. आपल्यासारख्यांच्या कॅमेऱ्यांत सेन्सर लहान असतो, म्हणून दीडपट धरून १/८०. त्या खोलीत कॅमेरा १/१५ मागत होता.

इथे कंपन कमी करणारी लेन्स उपयोगी पडते. निकॉन तिला व्हायब्रेशन रिडक्शन म्हणते, कॅनन इमेज स्टॅबिलायझर. नावे निराळी, काम तेच. लेन्सच्या आत कंपन ओळखणारे बारीक सेन्सर असतात. हात डावीकडे झुकला की आतली काचेची एक जोडी विद्युतचुंबकाच्या जोरावर तेवढीच सरकते आणि प्रतिमा जागच्या जागी राहते. काही कॅमेऱ्यांत काचेऐवजी सेन्सरच सरकतो. १९९४ साली निकॉनने फिल्मच्या एका छोट्या कॅमेऱ्यात ही युक्ती आणली. १९९५ साली कॅननने ती बदलता येणाऱ्या लेन्समध्ये दिली. आज ती साध्या लेन्समध्येही मिळते. बटण अर्धे दाबून क्षणभर थांबा, प्रतिमा स्थिरावते, मग पूर्ण दाबा. कोपरे छातीशी धरा, श्वास सोडून दाबा. आम्ही १/१५ वर फोटो काढले आणि भिंतीवरच्या घड्याळाचे आकडेही स्पष्ट आले.

मात्र कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला की ही सोय बंद करावी, निदान जुन्या लेन्समध्ये. नसलेले कंपन शोधत ती आतली काच उगाच हलवते आणि स्थिर फोटो अस्थिर होतो. रंकाळ्यावर आमची ही दुसरी चूक झाली होती.

आणि एक गोष्ट त्या दिवशी नीट कळली नाही. पुतण्या वाचता वाचता मान डोलवत होता. तो थांबला त्या क्षणाचे फोटो उत्तम आले, डोलतानाचे सगळे हलले. घड्याळ स्पष्ट, मूल अस्पष्ट! ही लेन्स आपला हात सावरते, समोरच्याची हालचाल नाही.

नानींचा फोटो

हाच धडा नानींपाशी आम्ही विसरलो. लेन्स आहे, ट्रायपॉड आहे, रिमोट आहे, आता फोटो येणारच, या भरवशावर त्यांना खिडकीपाशी बसवले. हातात तसबीह. दहा फोटो काढले. खिडकीची चौकट स्पष्ट, दुपट्ट्याची किनार स्पष्ट, हात धूसर. मान थोडी कापते म्हणून डोळेही धूसर. "नानी, जरा स्थिर बसा," असे आमच्या तोंडून गेले आणि लगेच पस्तावलो. नानी हसून म्हणाल्या, "हात हिलता तो हिलने दे रे, मूँ तो बराबर आन दे."

उपाय एकच होता: उजेड वाढवणे.

आपल्या कोल्हापूरला ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी उमगली होती. खरी कॉर्नरवर कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, तो बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा. परदेशी कॅमेरा मिळेना, तेव्हा त्यांनी इथेच कॅमेरा घडवला. १९२३ च्या 'सिंहगड' मूकपटात त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. सूर्यावर अवलंबून राहण्याच्या त्या काळात ही मोठी हिंमत होती. त्यांच्याच तालमीत कागलचे शेख फत्तेलाल, म्हणजे सर्वांचे साहेबमामा, तयार झाले. १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढणाऱ्यांत ते होते. दामल्यांसोबत त्यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. शाळेत आमच्या मुलांना हे नाव माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिले.

जाता जाता आणखी एक. 'कॅमेरा' हा शब्द अरबी 'कमरा'वरून आला, असे आपल्यात अभिमानाने सांगतात. ते खरे नाही. तो लॅटिन आहे, अर्थ खोली. आणि उर्दूतला कमराही पोर्तुगिजांकडून आला. अभिमान बाळगायचा तर इब्न अल-हैसम यांचा बाळगावा. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या या विद्वानाने 'किताब अल-मनाज़िर' लिहून प्रकाशाचा अभ्यास प्रयोगांवर उभा केला. ग्रहणातल्या सूर्याची कोर बारीक छिद्रातून अंधाऱ्या जागी कशी उमटते, याचाही त्यांनी विचार केला. कॅमेऱ्यामागचे तत्त्व तेच.

तर फ्लॅश. कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश लेन्सच्या जवळ असतो. त्याने डोळे लाल होतात, चेहरा सपाट दिसतो आणि मागे भिंतीवर काळी सावली पडते. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या नानींचे तर डोळेच मिटत. वर बसवायच्या फ्लॅशचे डोके फिरवता येते. ते छताकडे वळवले की प्रकाश छतावर आपटून पसरतो आणि पावसाळी दिवसासारखा मऊ होऊन खाली येतो. छत मात्र पांढरे हवे. आम्ही आधी भिंतीवर मारला. भिंत हिरवी, नानींचा चेहराही हिरवा! जुन्या कौलारू घरात छत उंच आणि काळे असते. तिथे बाजूला पांढरी चादर धरावी. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौपट कमी होतो, म्हणून मोठ्या हॉलमध्ये छतावर मारून फारसा उपयोग नाही.

खरी गोम पुढे आहे. फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागात, कित्येकदा त्याहूनही लवकर संपते. शटर १/२०० वर ठेवले, एफ/५.६ ठेवले, तर खोलीतला मूळ उजेड जवळजवळ नोंदलाच जात नाही. फोटो त्या चमकेचाच उमटतो, आणि तेवढ्या अवधीत कापणारा हातही जागचा हलत नाही.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. अब्बांच्या काळचा फिल्म कॅमेऱ्याचा फ्लॅश घरात असेल तर तो डिजिटल कॅमेऱ्यावर सरळ बसवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या टोकांवर शंभर-दोनशे व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब असतो आणि त्याने कॅमेरा जळू शकतो. जाणकाराकडून मोजून घ्यावा.

फोटो भाचीने काढला. आम्ही दाराबाहेर थांबलो, कारण नानी तिच्याशी जास्त मोकळ्या होतात. तिने आधी विचारले, "काढू ना नानी?" आणि हा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणार नाही, असा शब्दही दिला. दुपट्टा सारखा करून नानी तसबीह ओढत राहिल्या. छतावर दोनदा उजेड चमकला.

प्रिंट घेऊन आलो, तेव्हा नानींनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली. चेहऱ्याविषयी काहीच बोलल्या नाहीत. बोट फोटोतल्या हातांवर ठेवले. एकेक सुरकुती, एकेक मणी दिसत होता. "किती वर्षांनी हात थांबलेले पाहिले," त्या म्हणाल्या, "माझ्या अम्मीचे हात असेच होते." तिचा तर फोटोच नाही.

आपल्या घरातही खोका असेल. त्यात कोण नाही ते एकदा पाहा. आणि फोटो हलला, तर बोट हलले, हात हलला की माणूस हलला, एवढे आधी विचारा. बोटासाठी रिमोट, हातासाठी लेन्स, माणसासाठी उजेड. तिन्ही एकदम विकत घेण्याची गरज नाही. दोन सेकंदांचा टायमर, भिंतीला टेकलेला खांदा आणि सकाळची खिडकी यांना पैसे पडत नाहीत. बाकी घरातल्या मोठ्यांना विचारून, त्यांच्या मर्जीने, वेळेवर काढा. आमच्या नानींचा फोटो आता खोक्यात नाही, अम्मींच्या कपाटात आहे.