अनोळखी मयताचा वारसा

काकूंनी जेवणाच्या टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. एक प्लास्टिकची जाड फाईल, रबरबँड लावलेली. दुसरी, झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलेल्या ईमेलची दोन पानं, चार घड्या घातलेली. फाईल माझ्या ओळखीची होती. काका गेल्यापासून गावच्या जमिनीवर वारस नोंद लावण्यासाठी काकू वर्षभरात तीनदा तलाठ्याकडे जाऊन आल्या होत्या. ईमेल मात्र नवा होता.

"तू बँकेत परदेशी पैशांचंच काम करायचीस ना गं? हे जरा वाच. आणि कुठे बोलू नकोस हं, त्यांनी तसं लिहिलंय."

ते ऐकलं आणि घडी उघडायच्या आधीच मला धास्ती वाटली. बँकेच्या परकीय चलन विभागात मी बरीच वर्षं काढली. 'फी भरायची आहे, पण कशाची ते विचारू नका' म्हणत काउंटरपाशी उभी राहिलेली माणसं मला आजही आठवतात.

मेल लंडनहून आल्याचं दिसत होतं. लिहिणारा स्वतःला बॅरिस्टर म्हणवत होता. त्याचा एक अशील, पेशाने इंजिनिअर, आडनाव कुलकर्णी, सहकुटुंब अपघातात गेला. मृत्युपत्र नाही, वारस नाही. बँकेत साठ लाख पौंड पडून आहेत आणि मुदतीत कुणी पुढे आलं नाही तर ते सरकारजमा होतील. तुमचंही आडनाव कुलकर्णी, म्हणून देवानेच तुमच्यापर्यंत पोचवलं.

"आमच्यातलं कुणी विलायतेला गेलं असेलही," काकू म्हणाल्या. त्यात वेडेपणा काहीच नव्हता. वर्षभर ज्या बाईने वारस, मयत, हितसंबंधित हेच शब्द ऐकले, तिला असं पत्र ओळखीच्या भाषेत आल्यासारखं वाटणारच. बळी पडलेल्यांना 'लोभी' म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. असली पत्रं आडनावांच्या याद्यांवर हजारोंनी सुटतात आणि त्यांतली काही नेमकी नुकत्याच माणूस गेलेल्या घरात पोचतात.

आम्ही आडनावापासून सुरुवात केली. कुलकर्णी हे कुळाचं नाव नाही, हुद्द्याचं आहे. गावोगाव कुलकर्णी होते. एका गावच्या कुलकर्ण्याचा दुसऱ्याशी रक्ताचा संबंध असेलच असं नाही. पाटील, देशमुख, देशपांडे यांचंही तेच. आडनाव जुळल्याने जगात कुठेच वारसा मिळत नाही. इंग्लंडमध्ये मृत्युपत्र नसेल तर कायद्याने जवळच्या नात्यांची उतरंड ठरलेली आहे : जोडीदार, मुलं, आईवडील, भावंडं, आजी-आजोबा, मग काका-मावश्या आणि त्यांची संतती. त्यापलीकडे कुणी नसेल तर संपत्ती राजसत्तेकडे जाते. अशा बेवारस मालमत्तांची यादी तिथलं सरकारी विधी खातं उघडपणे प्रसिद्ध करत असे. दावा करणाऱ्याला वंशावळ आणि दाखले द्यावे लागतात. यात कुजबुज कशाला लागेल?

मग मी काकूंच्या लॅपटॉपवर मूळ मेल उघडला. छापील पानावर जे दिसत नाही ते इथे दिसतं. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी लॉ फर्मचं भारदस्त नाव होतं, त्याखाली पत्ता मात्र फुकट मिळणाऱ्या साध्या जीमेलचा. 'रिप्लाय' दाबलं की उत्तर जाणार होतं तिसऱ्याच पत्त्यावर. जीमेलमध्ये तीन टिंबांच्या मेनूत 'शो ओरिजिनल' असा पर्याय असतो. तो उघडला की मेल कुठल्या सर्व्हरवरून आला ते कळतं. तिथे 'एसपीएफ पास' असं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नये. त्याचा अर्थ एवढाच की, मेल ज्या डोमेनचं नाव सांगतो, त्या डोमेनने परवानगी दिलेल्या सर्व्हरवरूनच तो निघाला. ठकाने स्वतःच्याच जीमेलवरून पाठवला तरी तो 'पास'च होतो.

काकूंनी एक बरोबर प्रश्न विचारला. "पण इंग्रजी किती स्वच्छ आहे! पूर्वी तू म्हणायचीस, चुका बघायच्या." खरं आहे, आणि तो सल्ला मी आता परत घेतला आहे. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली मांडलं होतं की ही पत्रं मुद्दामच अचाट लिहिलेली असतात. ज्याला शंका येईल त्याने पहिल्याच पत्राला गळून पडावं, म्हणजे ठकाचा वेळ वाया जात नाही. आता सफाईदार इंग्रजी यंत्राकडून कुणालाही मिळतं. तेव्हा भाषा सोडून व्यवहार बघायचा.

व्यवहार दुसऱ्या पानाच्या तळाशी होता. पूर्ण नाव, पत्ता, फोन, बँक खाते क्रमांक, पासपोर्ट किंवा पॅनची प्रत. पैशाचं अक्षरही नाही. ते पुढे येतं, पायरीपायरीने. आधी शपथपत्राचा खर्च. मग 'वारसा कर'. मग दहशतवादविरोधी प्रमाणपत्र, मग कस्टम्स क्लिअरन्स. प्रत्येक रक्कम 'आता ही शेवटची' असते आणि आधी भरलेलं बुडू नये म्हणून माणूस पुढची भरतो. भारतात इस्टेट ड्युटी १९८५ सालीच रद्द झाली, एवढं माहीत असलं तरी भारतातल्या वारसा कराची पायरी तिथेच ढासळते. पैसे भरायला सांगतात तेही बहुधा भारतातल्याच कुठल्या तरी बचत खात्यात. लंडनच्या कराचे पैसे इथल्या एका व्यक्तीच्या खात्यात का? रिझर्व्ह बँकेने मे २०१०मध्ये परिपत्रक काढून बँकांना नेमकं हेच कळवलं होतं. असल्या योजनांसाठी पैसे बाहेर पाठवायला परवानगी नाही, आणि असे 'चार्जेस' गोळा करणाऱ्या खात्यांवर नजर ठेवा. पुढे खुद्द रिझर्व्ह बँकेच्या नावाने 'तुमची रक्कम आमच्याकडे पोचली आहे' असे मेल येतात. रिझर्व्ह बँक कुणाही व्यक्तीचं बँक खातं ठेवत नाही.

या धंद्याला '४१९' म्हणतात, नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या कलमावरून. पण तो एका देशाचा शोध नव्हे. फ्रेंच पोलीस अधिकारी विदोक याने १८३०च्या दशकात पॅरिसच्या तुरुंगातून सुटणाऱ्या पत्रांबद्दल लिहून ठेवलं आहे : क्रांतीत पळताना मालकाची दागिन्यांची पेटी लपवून ठेवली, सोडवायला थोडा खर्च पाठवा. शंभर पत्रांना वीस उत्तरं येत, असं तो सांगतो.

मला सगळ्यात क्रूर वाटते ती गुप्ततेची अट. काकूंच्या मेलमध्ये लिहिलं होतं, 'तुम्हाला नातेवाईक म्हणून दाखवू, चाळीस टक्के तुमचे.' म्हणजे खोटं नातं सांगायला माणूस एकदा राजी झाला की तोही गुन्ह्यात आला. मग पैसे गेल्यावर तो ना मुलाला सांगतो, ना पोलिसांना. काउंटरवर मी एका निवृत्त गृहस्थांना खोदून विचारलं तेव्हा ते रागावले नाहीत, रडले. आधीच चारदा भरले होते आणि घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

असं झालंच असेल तर लाजेत एक तासही घालवू नये. लगेच आपल्या बँकेला कळवायचं आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. मेल, पावत्या, खाते क्रमांक काही पुसायचं नाही. आणि नंतर 'तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो' असा मेल आला तर तो त्याच टोळीचा किंवा तिने विकलेल्या यादीवरचा असतो. त्यालाही फी लागते.

काकूंनी उत्तर पाठवलं नव्हतं. मेल स्पॅम म्हणून नोंदवला आणि पत्ता ब्लॉक केला. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग फाईलचा रबरबँड काढला.

जमीन अजून सासऱ्यांच्याच नावावर होती. मृत्यूचे दोन दाखले, आठ-अ, सातबारा, शपथपत्र. तलाठ्याने गाव नमुना सहा-क मध्ये वारस लिहून घेतले होते, पण मंडळ अधिकाऱ्यांचा शेरा आला : मयताच्या मुलीचं नाव शपथपत्रात नाही. काकूंची नणंद, अकोल्याला असते. नाव मुद्दाम वगळलं नव्हतं. लिहिणाऱ्याने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

"बघ ना," काकू म्हणाल्या, "इथे एक नाव राहिलं तर सगळं अडवून ठेवलंय. आणि तिकडे मला कुणी विचारलंही नाही, माझे सासरे कोण."

त्यांनी नणंदेला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. शेरा काय आहे ते वाचून दाखवलं, आधार कार्डाची प्रत आणि सही लागेल असं सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग नणंदेने विचारलं, "वहिनी, सातबाऱ्यावर माझं नाव लावतील ते कुठल्या आडनावाने? माहेरच्या की सासरच्या?"